वाईट बातमी कानावर घालायची की डोक्यात?

गेल्या अंकात 'तुझ्या तोंडात साखर पडो' या वाक्प्रचारावर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेल आले त्यात बऱ्याच जणांनी उलटा प्रश्न विचारलाय, की चांगली बातमी आणणाऱ्याच्या तोंडात साखर, मग वाईट बातमी आणणाऱ्याचं काय, त्याच्यासाठी मराठीत काय आहे? म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच. प्रश्न थोडे छोटे केलेत आणि नावं मुद्दाम काढलीत, कारण काही पत्रं घरातल्या दुःखाची आहेत.

प्रश्न: माझी मुलगी कॉलेजात आहे. परवा जेवताना म्हणाली, "आई, घाबरू नकोस हं, एक बॉम्ब टाकणारे," आणि मग म्हणाली की तिला इंजिनिअरिंग सोडायचंय. धक्का बसायचा तो बसलाच, पण नंतर मनात आलं की 'बॉम्ब टाकणे' हे मराठी आहे का? आपला स्वतःचा शब्द नाही का यासाठी?

ती आधी "घाबरू नकोस" म्हणाली हे मला फार आवडलं, त्याकडे शेवटच्या प्रश्नात परत येते.

'बॉम्ब टाकणे' ही इंग्रजीची सावली आहे हे खरं, पण 'बाँबगोळा' हा शब्द मराठीत शंभराहून जास्त वर्षं मुरलाय. १९०८ साली मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर 'केसरी'त बाँबगोळ्यावर अग्रलेख आले, त्या लेखांवरूनच टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि ६ वर्षांची शिक्षा देऊन त्यांना मंडालेला नेलं. तेव्हाचा बाँबगोळा खराच बाँबगोळा होता, आता तो जेवणाच्या ताटाशेजारी पडतो आणि एखाद्या नेत्यानं पत्र लिहिलं की पेपरवाले 'पत्रबॉम्ब' म्हणतात, म्हणजे शब्द रुळलाय, तो परका म्हणून हाकलायचं काही कारण नाही.

पण आपला स्वतःचा शब्द शोधायला गेलं की एक गंमत दिसते. बॉम्ब कोणीतरी टाकतं, म्हणजे त्या वाक्यात सांगणारा माणूस हजर असतो. आपल्या जुन्या वाक्प्रचारांत तो बहुतेक वेळा नसतोच. आभाळ कोसळतं, वीज पडते, दुःखाचा डोंगर कोसळतो, कुऱ्हाड कोसळते, संक्रांत येते, सगळं आपोआप वरून पडतं, टाकणारा कोणी नाही. "मुलीनं माझ्यावर आभाळ कोसळवलं" असं कोणी म्हणतं का? नाही म्हणत. मराठीला बातमी ऐकणाऱ्याचं काय झालं ते सांगण्यात रस आहे, आणणाऱ्याला ती शक्यतो दोष देत नाही.

मग सांगणाऱ्यासाठी काहीच नाही का, तर आहे, आणि ते फार बारीक आहे, ते क्रियापदाच्या शेपटीत आहे. नीट ऐका: सांगितलं, सांगून टाकलं, सांगून ठेवलं, सांगून बसले, सांगून मोकळी झाले. बातमी तीच, पण 'सांगून टाकलं' म्हटलं की ओझं उतरलं, 'सांगून ठेवलं' म्हणजे पुढे काही झालं तर मला बोल लावू नका, 'सांगून बसले' म्हणजे सांगायला नको होतं, तोंडातून निसटलं आणि आता हळहळ वाटतेय, आणि 'सांगून मोकळी झाले' यात जरा स्वार्थ आहे, मी मोकळी झाले, समोरच्याचं काय व्हायचं ते होवो. एवढा फरक एका छोट्या क्रियापदात! तुमच्या मुलीनं सांगून टाकलं, ती मोकळी झाली असं मला वाटत नाही, कारण पुढे बरेच दिवस तिला तुमच्याशी बोलावं लागणार आहे आणि ते तिला माहीत आहे.

आणि माझा सगळ्यात आवडता, 'कानावर घालणे'. "जरा बाबांच्या कानावर घालून ठेव." यात बातमी समोरच्याच्या छातीवर आदळायची नाही, नुसती कानावर ठेवायची आणि बाजूला व्हायचं, त्याला उत्तर लगेच द्यायचं नाहीये, तो त्याच्या वेळेनं ते आत घेईल. हा वाक्प्रचार आता ऑफिसातच जास्त ऐकू येतो, "साहेबांच्या कानावर घालतो" वगैरे, घरात कमी झालाय आणि मला त्याचं वाईट वाटतं. याच्या बरोबर उलट, म्हणजे "डोक्यात दगड घालावा तसं सांगितलं", ते मात्र घरात भरपूर चालतं.

प्रश्न: गौप्यस्फोट करणे, बिंग फोडणे, वाचा फोडणे आणि बातमी फोडणे, सगळीकडे फोडाफोडीच आहे. मी शाळेत शिकवतो, मुलं हे सगळं एकच समजतात. फरक कसा सांगू?

मुलांना विचारा की फुटलं काय. गौप्यस्फोटात गुपित फुटतं आणि ते बहुधा मोठ्या माणसाबद्दलचं असतं, लोकांना हादरा बसेल असं. बिंग फुटतं तेव्हा सोंग उघडं पडतं, म्हणजे तिथं आधी कोणीतरी खोटं वागत असायला लागतं, 'भांडं फुटलं' पण त्याच घरातलं, जरा हलकं. वाचा फोडताना काही उघडं पडत नाही, तिथं मुकं असलेलं बोलायला लागतं, अन्यायाला वाचा फोडली म्हणतो तेव्हा ज्यांचं कोणी ऐकत नव्हतं त्यांचं म्हणणं बाहेर आलं. आणि 'बातमी फोडली' म्हणजे वेळेआधी, परवानगी नसताना बाहेर काढली, पेपर फोडतात तसंच. हल्ली चॅनलवाले अभिमानानं म्हणतात "ही बातमी सर्वात आधी आम्ही ब्रेक केली", ते शब्दाला शब्द मराठी करून कोणी "आम्ही फोडली" म्हणालं तर त्यावर चोरीचा आळ येईल, म्हणून ते 'ब्रेक'च ठेवतात, आणि बरोबर करतात.

अजून एक सांगा त्यांना, 'स्फोट' ऐकलं की धूर आणि आवाज डोळ्यापुढे येतो पण संस्कृतात ज्या 'स्फुट्' धातूपासून हा शब्द आला त्याचा अर्थ फुटणं, उमलणं, उघडणं असाही आहे. कळी उमलते तेव्हाही तोच धातू. 'फोड करून सांगणे' म्हणजे उलगडून सांगणे, त्यातही कोणाला इजा होत नाही.

जाता जाता 'सूतोवाच'. पुराणांत कथा सांगणारा सूत बोलायला लागतो तिथं 'सूत उवाच' असं येतं, त्यावरून सूतोवाच करणे म्हणजे विषयाला नुसतं तोंड फोडणं, सुरुवात करून देणं. "मंत्र्यांनी योजना बंद झाल्याचं सूतोवाच केलं" असं छापलेलं मी पाहिलंय, ते चूक, बंद झाली असेल तर ती घोषणा झाली. बंद होऊ शकते असं पहिल्यांदा सुचवलं असेल तरच सूतोवाच.

प्रश्न: पायाखालची वाळू सरकली की जमीन सरकली? आणि धाबं दणाणणं, तोंडचं पाणी पळणं, काळजात चर्र होणं, हे सगळे एकमेकांच्या जागी चालतात का?

नाही चालत, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून थँक्स, कारण याच्यावर मी तासभर बोलू शकते.

वाळू आधी. समुद्राच्या कडेला घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहा, लाट परत जाताना तळव्याखालची वाळू ओढून नेते, तुम्ही हललेला नसता तरी पाय खाली जातो. तोच तो अनुभव. धक्का असा की मी जिथे होते तिथेच आहे पण आधार गेला. नवऱ्याची नोकरी गेल्याचं कळलं, बँकेत ठेवलेले पैसे बुडाल्याचं कळलं, तिथं वाळू. 'जमीन सरकली' हिंदीतही तशीच आहे आणि मराठीतही लोक सर्रास म्हणतात, चूक नाही, पण वाळूत जे हळूहळू निसटणं आहे ते जमिनीत येत नाही असं मला वाटतं.

धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, धाब्याचं घर म्हणतात ना ते. ते दणाणतं म्हणजे वर काहीतरी धावतंय, येतंय, आता अंगावर येणार. म्हणून धाबं दणाणतं ते पुढे येणाऱ्या संकटानं. चौकशी लागल्याची बातमी आली आणि त्याचं धाबं दणाणलं, बरोबर. आजी गेल्याची बातमी आली आणि माझं धाबं दणाणलं, एकदम चूक, ऐकणाऱ्याला वाटेल आजीच्या जाण्यात तुमचा काही हात होता!

तोंडचं पाणी पळणं हे तर शरीर जसं वागतं तसंच जसंच्या तसं उचललंय. भीती वाटली की लाळ कमी होते आणि तोंड कोरडं पडतं. हातपाय गळणं, डोळ्यापुढे अंधारी येणं, पोटात गोळा येणं, काळजाचा ठोका चुकणं, हे सगळे तसेच, कोणीतरी स्वतःच्या अंगावर अनुभवून मग शब्दात ठेवलेले. पोटात गोळा बातमी पूर्ण कळायच्या आधी येतो, रात्री अडीचला फोन वाजला की येतो तो. काळजात धस्स होतं ते ऐकल्याच्या क्षणी. हातपाय गळतात ते ऐकून झाल्यावर, आता आपल्याला काहीतरी करायचंय पण उठवत नाही तेव्हा. आणि सुन्न होणं अगदी शेवटी. म्हणजे फोन वाजल्यापासून खुर्चीत बसून राहण्यापर्यंत प्रत्येक पायरीला मराठीनं वेगळा शब्द दिलाय, तुम्ही क्रम उलटा करून बघा, वाक्य लंगडतं.

'चर्र' मात्र वेगळं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की जो आवाज होतो तो. यात भीती नाही, यात दुसऱ्याचं दुःख बघून झालेली जळजळ आहे. लहान मुलाला अनवाणी उन्हात चालताना बघून काळजात चर्र होतं. स्वतःवरच्या संकटाला कोणी चर्र म्हणत नाही.

आणि इथे एक तक्रार करून घेते. इतकं सगळं हाताशी असताना प्रत्येक बातमीवर 'धक्कादायक!' लिहायचं हे मला खरंच बघवत नाही. भाव वाढले धक्कादायक, खून झाला धक्कादायक, नट जाड झाला धक्कादायक. शब्द झिजतो हो असा. मग खरंच कोणाचं घर उद्ध्वस्त होतं तेव्हा लिहायला हातात काही उरत नाही, म्हणून मग 'अत्यंत धक्कादायक'.

प्रश्न: मी फोनवर मैत्रिणीला सहज म्हणाले, "अगं काका गेले," म्हणजे आमच्याकडून निघाले असं मला म्हणायचं होतं, ती पलीकडे रडायलाच लागली. इतकी साधी क्रियापदं अशी का झाली?

कारण मराठीनं 'गेले' हे क्रियापद एकटं सोडलं की मृत्यूसाठी राखून ठेवलंय. 'घरी गेले', 'आत्ताच गेले', 'गाडीनं गेले', काहीतरी सोबत पाहिजे, नाहीतर ऐकणारा तेच धरतो. म्हणून तर निघताना "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं असं शिकवतात. अशुभ गोष्टीचं नाव घ्यायचं नाही, तिला उलटं नाव द्यायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली. दुकान बंद केलं नाही, वाढवलं. आणि 'काही बरंवाईट झालं तर' हा तर मला फार हृद्य वाटतो, बोलणाऱ्याच्या मनात फक्त वाईट असतं पण तो त्याला एकटं बाहेर पाठवत नाही, आधी 'बरं' जोडून देतो. 'कमीजास्त' पण तसंच.

मृत्यूच्या शब्दांत तर प्रत्येकाची वेगळी कल्पना आहे. निवर्तले म्हणजे मागे फिरले, दिवंगत म्हणजे स्वर्गात गेलेले, देवाज्ञा झाली म्हणजे हुकूम आला आणि निघावं लागलं, प्राणज्योत मालवली म्हणजे विझवणारा वारा कुठला ते विचारायचं नाही. कैलासवासी, वैकुंठवासी, ख्रिस्तवासी, पैगंबरवासी यांत माणूस कुठेतरी राहायलाच गेलाय. साधं 'वारले' मला सगळ्यात जवळचं वाटतं, त्यात सजावट नाही पण 'मेले'सारखा ओरखडाही नाही. आणि बातमी नेणाऱ्या वस्तूसुद्धा शब्द होऊन बसल्या, कोपरा फाडलेलं पत्र आलं म्हणजे ते वाचायच्या आधीच कळायचं, आणि "तार आली" एवढं म्हटलं की घरात रडारड. लग्नाच्या शुभेच्छांच्याही तारा यायच्या, पण दारात तारवाला दिसला की धस्स व्हायचंच. १५ जुलै २०१३ पासून आपल्याकडची तार सेवा बंद झाली, त्यामुळे "तार आली"तली ती धडकी आज विशीतल्या मुलांना समजावून सांगावी लागते.

या नाव न घेता सांगण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण पानिपतचं. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली, नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते आणि वाटेत त्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र आलं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. (शब्द सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, आशय हाच.) दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार, आणि रुपये-खुर्दा म्हणजे बाकीची माणसं. व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याच्या भाषेत लिहिलं, एकही नाव नाही, 'मेले' हा शब्द नाही, आणि तरी वाचणाऱ्याला सगळं कळलं. नानासाहेबांचा मुलगा त्या दोन मोत्यांत होता. त्याच वर्षी जूनमध्ये ते स्वतःही गेले. हे वाक्य मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा त्या 'खुर्दा' शब्दापाशी अडते, कारण ज्यांना चिल्लर म्हटलंय त्या प्रत्येकाच्या घरी हीच बातमी पुन्हा वेगळी पोचली असणार, आणि ती कोणी कोणत्या शब्दात दिली हे कुठेच लिहिलेलं नाही.

प्रश्न: 'शुभ बोल नाऱ्या' एवढंच आई म्हणायची. पुढे काय आहे?

पुढे आहे 'तर म्हणे मांडवाला आग लागली'. म्हणजे नाऱ्याला सांगितलं बाबा काहीतरी शुभ बोल, तर त्यानं हे सांगितलं. नको तेव्हा नको ते बोलणाऱ्यासाठी वापरतात. मला मात्र लहानपणापासून नाऱ्याची बाजू पटते. मांडवाला खरंच आग लागली असेल तर?

प्रश्न: गेल्या वर्षी माझे वडील अचानक वारले. आत्या दुसऱ्या गावी, वय ऐंशीच्या पुढे, एकटी. मी फोनवर म्हणालो, "आत्या, बाबांचं जरा जास्त आहे, तू ये." ती चार तास प्रवास करून आली, सगळा वेळ देवाचं नाव घेत, तो बरा व्हावा म्हणून. दारात आल्यावर कळलं. ती मला काही बोलली नाही, पण तेव्हापासून माझ्या मनाला लागून राहिलंय. मी काय म्हणायला हवं होतं?

तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं. आधी हे सांगते की तुम्ही काही वेगळं केलं नाहीत, 'जास्त आहे' हा मराठीतला या प्रसंगाचा ठरलेला शब्द आहे आणि तो मायेनंच वापरतात, म्हाताऱ्या माणसानं एकटीनं ते ओझं घेऊन प्रवास करू नये म्हणून. पुष्कळदा ऐकणाऱ्यालाही आतून कळलेलं असतं, दोघंही ते बोलत नाहीत एवढंच. तुमच्या आत्याला कळलं होतं की नाही हे मी सांगू शकत नाही.

पण तुम्ही विचारलंय म्हणून माझं मत देते. महाभारतात द्रोणांना मुलगा गेल्याची बातमी देताना भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, आणि युधिष्ठिरानं 'अश्वत्थामा मेला' हे मोठ्यानं आणि हत्तीचं हळूच म्हटलं, त्यावरून आपण गुळमुळीत उत्तराला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतो. कथेत म्हणतात की तोवर जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या वाक्यानंतर खाली टेकला. तुमचं वाक्य तसं फसवणुकीचं नव्हतं, मला ती तुलना करायचीच नाहीये, एवढंच म्हणायचंय की अर्धं सांगितलेलं वाक्य सांगणाऱ्यालाच जास्त दिवस छळतं, आणि तुम्हाला तेच होतंय.

डॉक्टर लोकांना वाईट बातमी कशी द्यावी याची ६ पायऱ्यांची एक पद्धत शिकवतात, स्पाइक्स म्हणतात तिला, २००० साली मांडली गेली. त्यात बसायला शांत जागा बघणं, समोरच्याला आधीच काय माहीत आहे ते विचारणं हे सगळं आहे, आणि बातमीच्या आधी इशाऱ्याचं एक वाक्य म्हणायचं असतं, की आता जे सांगणार आहे ते चांगलं नाही. मग साधे शब्द, आणि मग गप्प बसायचं. पहिल्या प्रश्नातली ती मुलगी कुठे शिकली कोण जाणे, पण तिनं "आई, घाबरू नकोस हं" म्हणून हेच केलं. आपल्या कानावर घालण्यातही हेच आहे, फक्त कानावर घालताना पूर्ण घालायचं.

मी असते तर आधी आत्याच्या शेजारी कोणाला तरी फोन केला असता, जरा तिच्याजवळ जाऊन बसा म्हणून. मग तिला फोन. "आत्या, तू बसली आहेस ना? वाईट बातमी आहे गं. बाबा आज सकाळी गेले." आणि मग फोन न ठेवता, ती काही बोलेपर्यंत तसंच थांबले असते. "तू ये" हे त्यानंतर.

आता एक वर्ष झालंय, पण आत्या आहे. तिला भेटायला जाल तेव्हा हे जे मला लिहिलंत ते तिच्याही कानावर घाला.